चित्र सुरेख, नाव दिसेना

फाइन आर्ट्समधून नुकताच बाहेर पडलेला चित्रकार आणि त्याचा प्रोग्रामर मित्र त्या दिवशी आमच्या रावपुऱ्यातल्या खोलीवर आले ते एकच प्रश्न घेऊन: "काका, जाहिरातीला पैसे कुठे लावू?" खेळ कॉम्प्युटरवरचा, वावेतला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतला. चाकं फिरवून पाण्याची पातळी वरखाली करायची, बुडालेल्या पायऱ्या मोकळ्या करत तळ गाठायचा. बसलं की उठवत नाही, असा. पण स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विशलिस्ट, म्हणजे 'पुढे घेऊ' म्हणून खेळ नोंदवून ठेवणाऱ्यांचा आकडा, हलेना, आणि अल्गोरिदम आपल्याला दाबतोय अशी दोघांचीही खात्री.

आधी स्टीमवर्क्समधला, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटवरचा, ट्रॅफिकचा अहवाल उघडला. त्यात दोन आकडे वेगवेगळे वाचायचे: चित्र किती वेळा लोकांसमोर आलं ते इम्प्रेशन्स, आणि त्यातून पानावर किती जण आले त्या व्हिजिट्स. दुकानाने दाखवण्यात कसर ठेवली नव्हती, क्लिकच पडत नव्हतं. अशा वेळी जाहिरात करणं म्हणजे फुटक्या पोहऱ्याने पाणी शेंदणं.

दुखणं कॅप्सूलमध्ये, म्हणजे दुकानात खेळाच्या नावाने दिसणाऱ्या चित्रात होतं. छोट्या कॅप्सूलची फाइल ४६२ × १७४ पिक्सेलची द्यायची, पण ती आक्रसत १२० × ४५ पर्यंत जाते. चित्रकाराने मोठंच चित्र लहान करून चढवलेलं: वावेचे मजले, खांब, संध्याकाळचा उजेड, कोपऱ्यात नाजूक अक्षरांत नाव. १२० पिक्सेलवर उरला तपकिरी डाग. छोट्या कॅप्सूलमध्ये नावाने जवळजवळ सगळी चौकट भरावी, मागे फार तर एक ठळक आकार. आम्ही पाणी आणि चाक ठेवलं, खांब उडवले. तो कुरकुरला, म्हणून १२३२ × ७०६ च्या मुख्य कॅप्सूलवर त्याचे खांब राहू दिले. स्पर्धेतल्या बक्षिसाचा शिक्का मात्र तिथूनही काढावा लागला. सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर खेळाचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक, एवढंच चालतं.

टॅगमध्ये पहिलाच 'इंडी', म्हणजे छोट्या, स्वतंत्र मंडळींनी केलेला खेळ. हा टॅग इतक्या खेळांना असतो की त्यावरून खेळणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि 'याच्यासारखे आणखी' मधला शेजारही भलताच मिळतो. वीस टॅग लावता येतात. 'पझल', 'एक्सप्लोरेशन' वर घेतले, 'इंडी' तळाशी.

ट्रेलर लोगोने सुरू होत होता. आवाज बंद ठेवून, दोन-चार सेकंदांत पुढे सरकणारा माणूस लोगो कशाला बघेल? प्रोग्रामरने तिथेच बसून पहिला शॉट बदलला: चाक फिरतं, पाणी उतरतं, पायरी दिसते.

डेमोला वेळ लागणार होता. कंट्रोलरवर मेनू अडकत होता आणि शेवटी नुसता काळा पडदा; विशलिस्टचं बटण नेमकं तिथेच हवं. नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे स्टीमच्या डेमोंच्या जत्रेत, एका खेळाला एकदाच भाग घेता येतो, म्हणून जून सोडून ऑक्टोबर धरला.

निघताना प्रोग्रामरने बडोदा ते पुणे पसरलेल्या मावस-मामे भावंडांची यादी काढली, फुकट 'की', म्हणजे खेळ मिळवून देणारे कोड, वाटायला. दहा परीक्षणं होईपर्यंत 'पॉझिटिव्ह' वगैरे शेरा दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं. फुकट 'की'वरची परीक्षणं त्या गणतीत धरत नाहीत, हे नव्हतं. भावंडांना स्टीमवरून खेळ विकत घ्यायला सांगायचं, हे त्याच्या जिवावर आलं.