कावीळ झालेलं बाळ लाइटखाली ठेवताना

बाळाला कावीळ आहे असं कळलं की मी आधी आकडा विचारत नाही, जन्माची वेळ विचारते. बिलिरुबिन, म्हणजे अंग पिवळं करणारं रक्तातलं द्रव्य, डेसिलिटरमागे १२ मिलीग्रॅम आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही. चार दिवसांच्या, पूर्ण दिवसांच्या, अंगावर नीट पिणाऱ्या बाळात १२ निघालं तर बहुतेक वेळा पाजत राहणं आणि पुन्हा तपासणं पुरतं. तोच आकडा विसाव्या तासाला निघाला तर लगेच लाइट, म्हणजे निळ्या प्रकाशाचा उपचार, लावायचा आणि रक्तातल्या लाल पेशी का फुटताहेत याचा शोध त्याच वेळी सुरू करायचा. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मी कधीच साधी धरत नाही.

नवजात बाळात लाल पेशी भरपूर असतात आणि त्या मोठ्यांसारख्या १२० दिवस टिकत नाहीत, ७० ते ९० दिवसांतच संपतात. त्यातून निघणारं बिलिरुबिन पाण्यात विरघळेल असं करून पित्तात सोडणारं यकृतातलं एन्झाइम पहिल्या आठवड्यात मंद चालतं. त्यात दूध कमी पडलं की पहिली काळी शी आतड्यात रेंगाळते आणि तिच्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणून पूर्ण दिवसांच्या दहापैकी साधारण सहा आणि अपुऱ्या दिवसांच्या दहापैकी आठ बाळांना कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते.

आता मोजणं. पिवळेपणा चेहऱ्यापासून पायांकडे उतरतो हे खरं, पण कुठपर्यंत उतरला यावरून आकडा सांगू नये. सावळ्या बाळात तर हमखास चूक होते. मी दिवसाच्या उजेडात त्वचा बोटाने दाबून बघते, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघते, तेही फक्त 'मोजायचंच' हे ठरवण्यासाठी. कपाळावर किंवा छातीच्या मधल्या हाडावर टेकवायचं यंत्र चाळणीसाठी चांगलं. पण रीडिंग १५ किंवा वर गेलं, किंवा लाइट लावायच्या मर्यादेच्या ३ मिलीग्रॅम आत आलं, तर रक्तच तपासायचं. आणि एकदा लाइट लागला की त्या यंत्राला हात लावू नये. लाइटने त्वचा फिकी पडते, रक्तात बिलिरुबिन तसंच असतं आणि यंत्र मात्र कमी दाखवतं.

टाचेतून रक्त घेताना लाइट बंद करायचा, नळी फॉइलमध्ये गुंडाळून लगेच लॅबला पाठवायची. उजेडात राहिलेल्या नळीतलं बिलिरुबिन घटतं आणि खोटा दिलासा मिळतो. गंमत म्हणजे हा उपचार सापडण्यात याच चुकीचाही हात आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना उन्हात नेत. चादरीने झाकलेला भाग पिवळा आणि उघडा भाग फिका, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीचा आकडाही कमी आला. त्यावरचा क्रेमर आणि सहकाऱ्यांचा लेख १९५८ मध्ये आला. तरीही खिडकीतलं ऊन हा उपचार नव्हे. डोस मोजता येत नाही, बाळ भाजतं तरी किंवा गारठतं तरी.

आकडा आला की तो तासांच्या तक्त्यावर मांडायचा. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत ३८ आठवडे पूर्ण झालेल्या बाळासाठी लाइटची मर्यादा २४ तासांना लिटरमागे २०० मायक्रोमोल, ४८ ला २५० आणि ९६ तासांपासून पुढे ३५० आहे. १७.१ ने भागलं की मिलीग्रॅम मिळतात: साधारण ११.७, १४.६ आणि २०.५. दिवस अपुरे असतील तर मर्यादा खाली येते. शिवाय दोन आकड्यांमधला वेग बघावा. पहिल्या दिवसात तासाला ०.३ मिलीग्रॅम किंवा नंतर ०.२ ने चढत असेल तर पेशी फुटताहेत असं समजून आई-बाळाचे रक्तगट, कूम्ब्स (लाल पेशींना चिकटलेल्या प्रतिपिंडांची तपासणी), हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट (तरुण लाल पेशी) आणि जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) पाठवायचं. शेवटच्या तपासणीत एक फसवणूक आहे: जुन्या पेशी फुटून गेल्यावर उरलेल्या तरुण पेशींत हे एन्झाइम जास्त असतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. शंका असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायची.

लाइटच्या बाबतीत सगळ्यात जास्त ढिलाई मी इथे बघते: निळा उजेड दिसतोय म्हणजे उपचार चालू आहे, असं गृहीत धरलं जातं. लागतो तो ४६० ते ४९० नॅनोमीटरचा प्रकाश, आणि जोरदार उपचारासाठी बाळाच्या अंगाच्या पातळीवर प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर किमान ३० मायक्रोवॅट. हे त्याच दिव्यासाठीच्या मीटरने मोजायचं, मधोमध आणि कडेलाही. जुन्या ट्यूब निळ्याच दिसतात, जोर उतरलेला असतो. दिवा दूर सरकवला की डोस पडतो. कंपनीने सांगितलेलं अंतर पाळायचं, हॅलोजन मात्र जवळ आणायचा नाही, भाजतं. डोळ्यांवर पट्टी, तीही नाकावर घसरणार नाही अशी. डायपर छोटा, टोपी-मोजे नाहीत. झाकलेल्या त्वचेवर उपचार होत नाही. आकडा मर्यादेच्या बराच वर असेल तर खालूनही प्रकाश देणारी मॅट घालते. बाळाला सारखं पालथं-उताणं करण्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. उताणं ठेवलं की पुरे.

पाजणं थांबवायचं नाही. दिवसातून ८ ते १२ वेळा, आणि त्या वेळी पट्टी काढायची. जवळ घेण्यासाठी लाइट थोडा वेळ बंद करता येतो. आकडा फार वर असेल तर मात्र दिव्याखालीच पाजायचं. पाणी किंवा ग्लुकोजचं पाणी देऊ नये. तापमान बघत राहायचं, वजन रोज. हिरवट पातळ शी होते, ती अपेक्षितच आहे.

पुढचं रक्त ४ ते ६ तासांनी, आकडा उतरू लागला की ६ ते १२ तासांनी. उतरत नसेल तर मी आधी मीटर आणि डायपर बघते, मग पेशी फुटण्याचं कारण. बाळ सुस्त, ढिलं, ओढून न पिणारं असेल किंवा किंचाळून रडत मान मागे टाकत असेल, तर बिलिरुबिनचा मेंदूवर परिणाम होतोय असं समजून, तक्त्याची वाट न बघता रक्तबदलाची तयारी. त्यात किलोमागे १६० ते १८० मिलिलिटर, म्हणजे ३ किलोच्या बाळाला साधारण अर्धा लिटर रक्त थोडं थोडं काढून तेवढंच भरतात. आकडा निम्म्यावर येतो, पण ऊतींतलं बिलिरुबिन रक्तात परतल्याने पुन्हा चढतो. म्हणून नंतरही लाइट चालूच.

मर्यादेच्या ५० मायक्रोमोल खाली आलं की लाइट बंद, आणि १२ ते १८ तासांनी एकदा रक्त.

१४ दिवसांनंतरही (अपुऱ्या दिवसांच्या बाळात २१) पिवळेपणा राहिला तर थेट (डायरेक्ट) बिलिरुबिन, म्हणजे यकृताने पाण्यात विरघळेल असं केलेलं, वेगळं मोजायचं. ते १ मिलीग्रॅमच्या वर असेल तर हा लाइटने बरा होणारा आजार नाही. अशा बाळाला दिव्याखाली ठेवलं तर त्वचा काशासारखी तपकिरी होते. पित्तनलिका बंद असल्यास कासाई शस्त्रक्रिया (पित्ताला आतड्यात वाट करून देणारी) ६० दिवसांच्या आत झालेली बरी. तेव्हा मी डायपर स्वतः उघडून बघते. शी पिवळी किंवा हिरवी हवी. खडूसारखी पांढरट असेल तर त्याच दिवशी सर्जनला फोन.