काळजीवाहू डॉक्टर

धुळ्यात आमचं मेडिकल आहे. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. तेव्हा मी मोबाईलवर लेबनॉनच्या बातम्या वाचत बसतो. बायको म्हणते, "तिथं काय मावशी राहते का तुमची?" मावशी नाही, पण एक माणूस आहे. डॉ. फिरास अब्याद.

हे गृहस्थ सर्जन. लेबनॉनची राजधानी बैरूतमधल्या रफिक हरीरी सरकारी रुग्णालयाचे तेव्हाचे प्रमुख. २०२०च्या फेब्रुवारीत तिथला कोविडचा पहिला पेशंट सापडला, तेव्हापासून ते रोज ट्विटरवर साध्या भाषेत हिशेब मांडायचे. आयसीयूत किती, खाटा किती उरल्या. विजेचे हाल एवढे, की वॉर्ड सोडून बाकीचे एसी बंद करायची पाळी आली. भारनियमनात वाढलेल्या माणसाला यात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग १० सप्टेंबर २०२१ला पंतप्रधान नजीब मिकातींचं सरकार आलं. ऑगस्ट २०२०मधल्या बैरूत बंदरातल्या स्फोटानंतर तेरा महिने देशाला नवं सरकार मिळालं नव्हतं. त्या सरकारात हे आरोग्यमंत्री.

खानदेशाला डॉक्टर पुढारी नवे नाहीत. धुळ्याला दहा वर्षं खासदार डॉ. सुभाष भामरे, कॅन्सरचे सर्जन. शेजारी नंदुरबारला डॉ. हीना गावित. २०२४ला दोघं पडले, आणि धुळ्यात निवडून आल्या डॉ. शोभा बच्छाव. आमच्याकडे बीपीची गोळी न्यायला येणारे एक बाबा तेव्हा म्हणाले, "डाक्टर पुढारी व्हयना, मंग सुई कोन टोची?" म्हणजे डॉक्टर पुढारी झाला, मग सुई कोण टोचणार?

मला मात्र भाषणापेक्षा भावाच्या यादीत रस. लेबनॉनचा पाऊंड १९९७पासून डॉलरला साधारण १५०७वर बांधलेला होता. २०१९ला बाजारात सुटला तो सुटलाच. औषधं बाहेरून आणायला सरकार त्या जुन्याच दरानं डॉलर पुरवत होतं. तिजोरी आटली, तशी ही सवलत जाणार हे सगळ्यांना दिसायला लागलं. आता उद्या दहापट भाव मिळणार असेल, तर आज माल कोण काढेल? गोडाऊनं भरलेली आणि दुकानं रिकामी. काही माल सीमेपलीकडेही गेला. २०२१च्या दुसऱ्या लाटेत एका होलसेलवाल्यानं मला सकाळी "स्टॉक नाही" सांगितलं होतं, संध्याकाळी तोच माल नव्या भावानं आला. तेव्हा हे काय असतं ते मला चांगलं कळतं.

२०२१च्या नोव्हेंबरात अब्यादांच्या खात्यानं बऱ्याच औषधांवरची सवलत कमी केली. कॅन्सरसारख्या आजारांची ठेवली. एका झटक्यात भाव कुठल्या कुठे गेले. सवलत टिकणार नव्हती, हे मी दुकानदार म्हणून मान्य करतो. पण काल सरकारकडे मागणारा माणूस आज खुर्चीत बसून "नाही" म्हणतोय, हे वाचताना माझ्या पोटात कालवलं.

त्यात मे २०२२च्या निवडणुकीनंतर ते सरकार काळजीवाहू झालं. नवं काही जमेना, ऑक्टोबरनंतर राष्ट्राध्यक्षही नाही. साडेतीन वर्षांच्या मंत्रिपदात पावणेतीन वर्षं काळजीवाहू! डॉक्टरला यापेक्षा चपखल पद कुठलं मिळायचं? याच काळात कॉलरा आला, १९९३नंतर पहिल्यांदा.

आणि मग १७ सप्टेंबर २०२४. लेबनॉनमधल्या हिजबुल्ला संघटनेच्या माणसांकडचे हजारो पेजर, म्हणजे निरोप दाखवणारी छोटी यंत्रं, एकदम फुटले. दुसऱ्या दिवशी अब्यादच माइकसमोर: बारा मृत, त्यांत दोन मुलं, जखमी २७००हून जास्त. जखमा कुठे? तोंड, डोळे, हात. पेजर वाजला की माणूस तो डोळ्यांसमोर धरतो ना. तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला. चार वर्षांपूर्वी खाटा मोजायचे तोच सूर, आवाज चढवणं नाही.

फेब्रुवारी २०२५ला नवं सरकार आलं आणि ते पायउतार झाले.

परवा हे सगळं वाचत होतो तर काउंटरवर एक ताई आल्या. शुगरच्या गोळ्या. "दादा, अर्धीच पट्टी द्या, पगार झाला की बाकीची नेईन." मी कात्री घेतली. कापताना एक्स्पायरीची तारीख असलेली बाजू दुकानात ठेवायची असते. मी कापून पट्टी त्यांना दिली, तर त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "यावर तारीख कुठंय?"

मी दुसरी बाजू दिली.