हौदांच्या पत्त्यावर

काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी... जुन्या पुण्यात निम्मे पत्ते पाण्यावर सांगितले जातात. रिक्षावालाही ‘फडके हौद’ म्हटलं की मुकाट मीटर टाकतो.

या सगळ्याचं मूळ कात्रजला. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास तिथे तलाव बांधून पाणी गावात आणलं. पंप नाही की मोटर नाही. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा उतारावर, एवढ्या भांडवलावर पाणी काही कोस चालत आलं. नळ म्हणायचा, पण पाइप नव्हे. माणूस आत शिरून गाळ उपसू शकेल असं जमिनीखालचं बांधीव भुयार. कोंडलेली हवा बाहेर पडावी, गाळ खाली बसावा म्हणून वाटेत जागोजागी उच्छ्वास नावाची उंच बांधकामं उभारलेली. हल्ली वर्षातून चारदा उकरल्या जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभं राहून ही गोष्ट आठवू नये. उगाच रक्तदाब वाढतो.

वाड्यातली हजारी कारंजी या पाण्यावर उडाली, ते ठीकच. घर पेशव्यांचं होतं. मला कौतुक पेठांमधल्या हौदांचं. घागर बुडवायची, चुंबळीवर चढवायची आणि जाता जाता गल्लीतली ताजी खबर घेऊन जायची, ही सोय नगररचनेच्या कुठल्या आराखड्यात बसवणार?

पण म्हणून ‘काय ते दिवस’ असा उसासा टाकायलाही जीभ रेटत नाही. हौद रस्त्यावर होता म्हणून तो सगळ्यांचा होता, असं नव्हे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही त्या काळी केवढी खळबळ! नानासाहेबांचं पाणी गावात खेळायला लागून तोवर शंभरावर वर्षं उलटली होती. पुढे डॉ. विश्राम रामजी घोल्यांनी आपल्या लाडक्या लेकीच्या, काशीच्या आठवणीसाठी बाहुलीचा हौद बांधला, तोही सर्व जातींना खुला. मुलीला शिकवतात म्हणून तिला काचा खायला घालून मारलं, असं सांगतात. पेठेतल्या वर्दळीत हौदावर एक बाहुली बसवणारा तो बाप मला पेशव्यांच्या कारंज्यांपेक्षा जास्त लक्षात राहतो.

मग खडकवासल्याचं धरण झालं, पुढे नळ घरात आले, आणि पाण्यासाठी उंबरा ओलांडायचं कारणच उरलं नाही. बरंच झालं म्हणा. घागर वाहणाऱ्या बाईला विचारा. आता आमची पाण्याची ओळख दोघांपुरती, चावीवाला आणि टँकरवाला. उन्हाळ्यात टँकर आला की लिफ्टमध्ये एरवी भिंतीकडे बघत उभी राहणारी माणसं खाली जमतात, ‘बी’ विंगला जास्त पाणी सोडलं म्हणून तावातावाने भांडतात आणि त्या भरात एकमेकांची नावंही विचारून घेतात.