२१ जून, मैत्री (अंटार्क्टिकातला भारतीय तळ)

आज मध्यहिवाळा. मे महिन्याच्या उत्तरार्धात मावळलेला सूर्य जुलैच्या उत्तरार्धापर्यंत वर येणार नाही. तरी भर दुपारी तो क्षितिजाच्या जेमतेम चार अंश खाली असतो, त्यामुळे उत्तरेकडे थोडा वेळ तांबूस उजेड रेंगाळतो आणि शिर्माकर या खडकाळ टापूतले काळे खडक व प्रियदर्शिनी तळ्यावरचा बर्फ ओळखू येतो. तेवढी वेळ साधून मी आणि एक सहकारी चुंबकीय निरीक्षणांच्या हटकडे निघालो. तापमान उणे २४ होते. आग्नेयेकडून, म्हणजे हिमपठाराच्या बाजूने, उतरणारा वारा आज सुदैवाने मंद होता.

हटमधला मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बदल अहोरात्र आपोआप नोंदवतो, पण तो फक्त बदल सांगतो. थंडीने संवेदकाचे वाचन सरकते, खांब किंचित कलतो, आणि मूळ पातळी हळूहळू खोटी ठरू लागते. म्हणून ठरावीक दिवसांनी माणसाने जाऊन लोखंडाचा अंशही नसलेल्या थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीने, दिक्पात (चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती ढळली तो कोन) आणि नतिकोन (क्षेत्र क्षितिजापासून किती कलले तो कोन) मोजावे लागतात. दुर्बीण फिरवत तिच्यावरचा संवेदक शून्य दाखवील तो कोन शोधायचा, मग ती उलटवून पुन्हा, असे चार स्थितींत वाचन घेतले की सरासरीत उपकरणाचे बहुतेक दोष परस्परांना रद्द करतात. काळोखात दिशा पक्की करण्यासाठीची दूरची खूण दिसावी म्हणून तिच्यावर दिवा लावलेला असतो.

आज पहिल्या संचातली वाचने जुळेनात. तिसऱ्यांदा तपासल्यावर ध्यानात आले, की जॅकेटच्या आतल्या खिशात टॉर्चचा जादा सेल राहिला होता. चूक सर्वस्वी माझी होती. तो संच नोंदवहीत कारणासह रद्द केला, सेल लांब ठेवून आलो आणि सगळे पहिल्यापासून केले. पातळ हातमोज्यांत बोटे इतकी बधिर झाली होती, की शेवटचे आकडे सहकाऱ्याला सांगून लिहून घ्यावे लागले. रद्द केलेले पान मी फाडले नाही. पुढच्या हिवाळ्यात येणाऱ्याला ते दिसायलाच हवे.

अशा वेळी मला कुलाब्याच्या वेधशाळेची आठवण येते. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचने घेत चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज (आडव्या) घटकातली सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरण टिपली, आणि ते आकडे आजही अभ्यासले जातात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, तेव्हा दोन्हीकडे दोन वर्षे एकाच वेळी नोंदी घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबवले. मालिका तुटू नये यासाठी घेतलेले ते कष्ट मला त्या मोठ्या वादळाच्या नोंदीइतकेच थोर वाटतात. आमची पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था त्याच परंपरेतली आहे.

संध्याकाळी इतर देशांच्या तळांवरून आलेले मध्यहिवाळ्याचे शुभेच्छासंदेश जेवणाच्या खोलीत लावले. स्वयंपाकघराची पाळी असलेल्यांनी पुरणपोळ्या केल्या. आईला फोन लावला; ती म्हणाली, "अरे, अंधारात कंटाळत नाहीस ना?" मी तिला दुपारचा तो तांबूस पट्टा किती वेळ टिकला ते सांगितले.

आत्ता रात्री आजच्या वाचनांवरून आधाररेषा, म्हणजे मॅग्नेटोमीटरची खरी मूळ पातळी, काढली. मागच्या आठवड्याच्या मूल्याशी ती नीट जुळते.