बारशाला संदेष्ट्यांची नावं

बाळ येणार असलं की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "बाई, एखादं वेगळं नाव सुचवा ना. संदेष्ट्यांच्या पुस्तकांतलं, अर्थ असलेलं." मी बायबलचा जुना करार शिकवते, त्यामुळे हा प्रश्न ठरलेला. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: अर्थ सगळ्याच नावांना आहे, पंचाईत तीच आहे.

हिब्रू नावं म्हणजे पुष्कळदा छोटी वाक्यंच. यशया, ‘परमेश्वर तारण करतो’. यहेज्केल, ‘देव बळ देतो’. इथवर ठीक. पण याच यशया संदेष्ट्याने आपल्या एका मुलाचं नाव ठेवलं महेर-शालाल-हाश-बज, म्हणजे साधारण ‘लुटीची घाई, लुबाडायची लगबग’. पोराला ‘बाबा’, ‘आई’ म्हणता येण्याआधी दमास्कस आणि इस्राएलची राजधानी शोमरोन यांची संपत्ती अश्शूरच्या राजाकडे जाणार, असा त्याचा अर्थ. आधीचा मुलगा शआर-याशूब, ‘उरलेले परत येतील’. यहूदाच्या आहाज राजाला गाठायला यशया परटाच्या शेताकडच्या वाटेवर जातो, तेव्हा याला बरोबर नेतो. पोरगं अख्ख्या प्रसंगात एक शब्द बोलत नाही. कशाला बोलेल? नाव सांगितलं की निरोप पोचला. तो दिलासा समजायचा की धमकी, ते राजाने बघावं.

होशेय या दुसऱ्या संदेष्ट्याची मुलगी मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. लो-रुहामा, ‘जिच्यावर दया नाही’. पाठचा भाऊ लो-अम्मी, ‘माझे लोक नव्हेत’. आपल्याकडची नकोशी आठवतेच. २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती. नकोशीचं नाव तिच्याबद्दल असतं, लो-रुहामाचं इस्राएलच्या राज्याबद्दल. कबूल. पण जेवायला हाक त्याच नावाने तिलाच मारत असतील ना! त्या बापाचा मला अजून राग येतो.

‘रुहामा’चं नातं ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी. आपण ‘रहम’ म्हणतो तो शब्द अरबीतून आला, पण कूळ तेच. ‘लो’ म्हणजे नुसता नकार. होशेयच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात नवी नावं नाहीत, फक्त हा ‘लो’ गळतो: भावांना अम्मी म्हणा, बहिणींना रुहामा.

मागे एकीने नेमकं लो-रुहामाच निवडलं होतं. नाद गोड वाटला म्हणे. मी एवढंच सांगितलं, "सुरुवातीचं अक्षर गाळ." बाप्तिस्म्याच्या वहीत आता रुहामा आहे.