पान उलटं केलं तेव्हा

"ताई, वरून काय काढताय? खालून बघा की!"

तळ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माळीकाकांनी व्हिक्टोरिया अमेझोनिका या महाकाय वॉटर लिलीचं एक जुनं, छाटलेलं पान अलगद उलटं केलं आणि माझी पेन्सिल कागदावरच थांबली.

वरून नुसती हिरवी परात. खालून मात्र लालसर जांभळं, काटेरी, आणि देठापासून कडेपर्यंत पसरलेलं जाड शिरांचं जाळं. शिरा फुटत फुटत बारीक होत जातात, आडव्या शिरा त्यांना बांधून ठेवतात. एवढं मोठं पान (दोन मीटरच्याही पुढे जातं!) पाण्यावर ताठ पसरतं ते यांच्याच जोरावर. १८५१ साली लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या क्रिस्टल पॅलेस या काच-लोखंडाच्या प्रदर्शनगृहाच्या रचनेत त्याचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टनला याच शिरांनी वाट दाखवली होती. तोही मुळात माळीच.

हे वाचलं होतं मी. पाहिलं नव्हतं.

मग तासभर फक्त शिरा काढत बसले. गेले कित्येक महिने कागद समोर घेतला की आधी 'चांगलं येईल का?' हा प्रश्न येऊन बसायचा. आज तो फिरकलाच नाही. पुढची शीर कुठे वळते, एवढंच डोक्यात होतं. इतकं शांत मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

निघताना काका म्हणाले, "आज संध्याकाळी कळी उमलेल. पहिल्या रात्री पांढरी, दुसऱ्या रात्री गुलाबी."

उद्या रंग घेऊन जाणार आहे. तुम्ही एखादं पान उलटं करून शेवटचं कधी पाहिलंत?