आत्याच्या लग्नाची डीव्हीडी आणि घरचा कॉम्प्युटर

आत्याच्या लग्नाच्या डीव्हीड्या कपाटात साड्यांखाली पडून होत्या, प्लेयर कधीच भंगारात गेला आणि आता पोराच्या साखरपुड्याआधी तिला ते सगळं टीव्हीवर बघायचंय. "तुझ्याकडं कॉम्प्युटर हाय न्हवं, दे की रे पेनड्राइव्हमधी घालून." सांगलीत एका दुकानात विचारलं तर एका डिस्कचा जो रेट सांगितला तो ऐकून गप घरी आलो, म्हटलं घरीच करू.

डिस्क उघडली की आत व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर असतो, त्यात व्हीओबी फाइली (डीव्हीडीतला व्हिडिओ यातच असतो), मोठ्यातली मोठी एक जीबीची. म्हणजे लग्न एकच पण तुकडे चार-पाच आणि तेपण कुठंही तुटलेले, मंगलाष्टका एका फाइलीत आणि शेवटच्या अक्षता दुसरीत. एक डिस्क मधेच अडायची, ती साबणाच्या पाण्यानं धुतली आणि मऊ कापडानं मधनं कडेकडं पुसली (गोल गोल पुसायची नाही, चरे वाढतात), मग निघाली. सगळे फोल्डर आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून घेतले, डिस्कवरनं डायरेक्ट कन्व्हर्ट करत बसण्यात काय अर्थ नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टरच्या नादाला लागलोच नाही. चार जीबी अपलोड कोण करणार, आणि घरातल्या बायकांचे व्हिडिओ कुणाच्या तरी सर्व्हरवर कशाला टाकायचे. हँडब्रेक हे व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच घेतलं. त्यात सुटी व्हीओबी नाही द्यायची, आख्खा फोल्डर द्यायचा, मग ते सगळे तुकडे जोडून एक टायटल दाखवतं, सगळ्यात लांब असतं तेच लग्न.

बाकी सेटिंग सोपं आहे. फाइलीचा प्रकार एमपीफोर, चित्र दाबून लहान करायची पद्धत (कोडेक) एच २६४, क्वालिटी आरएफ २०, आकडा जेवढा कमी तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. साइज वाढवायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडची पाल (आपल्या जुन्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडी मुळात ७२० बाय ५७६ ची, ती फुल एचडी करून नवीन काहीच दिसत नाही, जागा मात्र खाते.

खरी गंमत वरातीत झाली. मंडपातलं, जेवणावळीचं सगळं ठीक होतं, पण लेझीम सुरू झाली की पोरांच्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातासारख्या आडव्या रेघा. याला इंटरलेसिंग म्हणतात, जुन्या टीव्हीसाठी एकेक फ्रेम दोन भागात घेतलेली असायची, एकदा सम ओळी एकदा विषम, मधल्या वेळात माणूस हललेला असतो म्हणून कडा फाटते. फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की जातं. म्हणून आख्खं कन्व्हर्ट करायच्या आधी नाचाचा एक मिनिट प्रिव्ह्यू काढून बघायचा, वधूवर खुर्चीत बसलेत तो सीन बघून काही कळत नाही.

रात्री लावून झोपलो तर लाईट गेली. एमपीफोर अर्धवट राहिली की बहुतेक वेळा उघडतच नाही कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारची असती तर झालं होतं तेवढं तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी परत लावलं, यावेळी शेजारच्यांचा इन्व्हर्टर मागून. साडेचार जीबीचं दीड जीबीच्या आत बसलं.

मग भावानं हँडीकॅमच्या एमटीएस फाइली आणल्या, टीव्ही उघडत नाही म्हणून. व्हीएलसी या प्लेयरमध्ये फाइल लावून टूल्समधलं कोडेक इन्फर्मेशन बघितलं तर आत आधीच एच २६४, म्हणजे चित्राला हात लावायचं कारणच नाही. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरला चित्र आहे तसं कॉपी कर, आवाज एएसी या प्रकारात कर आणि एमपीफोरमध्ये भर एवढंच सांगितलं, तासाभराचं शूटिंग चहा होईपर्यंत तयार आणि क्वालिटी तीच. हेच हँडब्रेकमध्ये घातलं असतं तर कॉम्प्युटर उगाच तापला असता, त्याला चित्र नुसतं कॉपी करता येत नाही, ते परत एन्कोड करतंच.

पेनड्राइव्ह फॅट ३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीच्या वरची एक फाइल त्यात जात नाही, एक्सफॅट केला की जाते, पण आत्याचा टीव्ही एक्सफॅट ओळखेना, म्हणून भावाची सगळ्यात मोठी फाइल दोन भागात तोडून दिली. आत्याला काही फरक पडला नाही, ती वरात लावून कोण कोण वारलं ते मोजत बसली होती. आता मिरजेच्या काकांनी व्हीएचएस कॅसेटी काढून ठेवल्यात म्हणे, त्याला चालू व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड (कॅसेटचा व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये घेणारं) लागणार, कुणाकडं व्हीसीआर असला तर सांगा.